की-व्हॅल्यू इंजिन: किल्ली शोधण्याची आणि क्रॅशची चाचणी कोणत्या क्रमाने करावी

जळगाव, भुसावळ, शिरपूर, धुळे इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी लिहिलेली छोटी की-व्हॅल्यू इंजिनं, म्हणजे किल्ली दिली की तिची व्हॅल्यू परत देणारी साठवण, बघायला बसलं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, किल -९ मारून बघितलं, डेटा जात नाही." किल -९ म्हणजे प्रोसेसला आवरायला वेळ न देता मारणारी आज्ञा. वाक्य खरं असतं, पण त्यातून लाइट गेल्यावर काय होईल हे अजिबात कळत नाही. उलटी तक्रारही तितकीच येते. "क्रॅशनंतर डेटा गेला" म्हणून चार दिवस लॉग उकरत बसतात. डेटा फाइलमध्ये जागेवरच असतो, शोधणारा कोड त्याच्यापर्यंत पोचत नसतो.

म्हणून आधी शोध पक्का करायचा आणि मगच क्रॅशला हात घालायचा. हा क्रम उलटा केला तर कुठलीही चूक कुठलीही दिसते.

इथे गृहीत धरलेली रचना नेहमीची आहे: लिखाण आधी लॉगमध्ये, मग मेमरीतल्या मेमटेबलमध्ये, ते भरलं की क्रमवार लावलेली फाइल, आणि कुठल्या फाइली चालू आहेत हे सांगणारी मॅनिफेस्ट. फाइली साठल्या की इंजिन त्या एकत्र करून खालच्या थरात, म्हणजे लेव्हलमध्ये, नव्याने लिहितं; याला कॉम्पॅक्शन म्हणतात. लेव्हलडीबी आणि त्यावरून निघालेलं रॉक्सडीबी याच घराण्यातले. तुमचं इंजिन बी-ट्रीवर, म्हणजे फाइलीत जागच्या जागी बदल करणाऱ्या रचनेवर, असेल तर टप्पा २ तुमच्या कामाचा नाही, बाकीचं बहुतेक लागू आहे.

## तयारी: वचन कागदावर

कोड उघडण्याआधी हे लिहून काढा: "पुट"ने, म्हणजे लिहायच्या आज्ञेने, "झालं" असं उत्तर दिलं, म्हणजे नेमकं काय झालं?

१. सिंक (डेटा डिस्कवर पक्का होईपर्यंत थांबणं) मागून केलेलं लिखाण: "झालं" म्हटल्यावर लाइट गेली तरी ते राहिलं पाहिजे.
२. सिंक न मागता केलेलं: प्रोसेस मेली तर राहिलं पाहिजे, लाइट गेली तर शेवटची काही लिखाणं जाऊ शकतात. पण फक्त शेवटचीच. शंभरावं आहे आणि नव्व्याण्णवावं नाही, असं भोक चालणार नाही.
३. बॅच, म्हणजे एकत्र दिलेली अनेक लिखाणं: सगळी किंवा एकही नाही.
४. क्रॅशच्या क्षणी अर्धवट असलेलं लिखाण: जुनी व्हॅल्यू चालेल, नवी चालेल, तिसरी नाही.

चौथ्याला एक शेपूट आहे, ते सहसा सुटतं. उघडल्यावर एकदा नवी व्हॅल्यू वाचायला दिली, की पुढच्या क्रॅशनंतर जुनी दाखवता येत नाही. म्हणजे रिकव्हरीत (क्रॅशनंतर पुन्हा उघडताना) लॉगमधून जे उचललं ते वाचायला खुलं करण्याआधी डिस्कवर पक्कं करावं लागतं.

डिलीट हेही लिखाणच. वरचे चारही नियम त्याला तसेच लागू.

याशिवाय तीन गोष्टी हाताशी ठेवा: रँडमचं बीज (तेच दिलं की तीच चाचणी पुन्हा घडवणारा आकडा) बाहेरून देता येईल असा ड्रायव्हर, म्हणजे चाचणी चालवणारा प्रोग्रॅम, चाचणीसाठी वेगळी डिरेक्टरी, आणि ब्लूम फिल्टर (किल्ली फाइलीत असेल की नाही हे फाइल न वाचता सांगणारा) व ब्लॉक-कॅश (फाइलीचे वाचलेले तुकडे मेमरीत धरणारा) बंद करायचे स्विच. मेमटेबलची मर्यादा काही किलोबाइटवर आणा. खऱ्या आकारांवर चाचणी केली तर दुसरी लेव्हल तयार व्हायलाच संध्याकाळ होते.

## टप्पा १: किल्ली म्हणजे बाइट, अक्षरं नाहीत

इंजिनसाठी किल्ली म्हणजे बाइटची ओळ. मराठी किल्ल्या वापरणाऱ्यांना याचा फटका लगेच बसतो. "शेतकऱ्याचा खाते क्रमांक" यातला "ऱ" तीन तऱ्हांनी टाइप होतो: युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर, "र" आणि नुक्ता, किंवा "र", हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, बाइट तिन्हींचे वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची मजकूर एका रूपात आणायची रीत) पहिल्या दोघांना एकत्र आणतं. जॉइनरवालं वेगळंच राहतं. रावेरच्या एका कीबोर्डवर टाकलेली नोंद यावलच्या दुसऱ्या कीबोर्डवरून "सापडत नाही", याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

यावर उपाय इंजिनमध्ये करू नका. किल्ली इंजिनकडे देण्याआधी अ‍ॅप्लिकेशनने ती एका रूपात आणावी. इंजिनने आलेले बाइट तसेच ठेवावेत.

तुलनेत दुसरी खोट निघते. देवनागरी अक्षराचा यूटीएफ-८ मधला पहिला बाइट २२४ असतो. सी भाषेतला साधा "कॅर" एक्स८६ वर चिन्हासह धरला जातो, जावातला "बाइट" तर नेहमीच. तिथे २२४ हा ऋण आकडा होतो आणि मराठी किल्ली इंग्रजीच्या आधी लागते. फाइल लिहिताना "मेमकंप" (बाइट चिन्हाशिवाय ताडणारं फंक्शन) वापरलं आणि शोधताना हातची तुलना, तर बायनरी सर्च चुकीच्या बाजूला वळतो. इंग्रजी किल्ल्यांच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

भाषेनुसार क्रम लावायचा मोहही टाळा. लिनक्सवरच्या ग्लिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, शब्दक्रमाचे नियम बदलले आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे मजकुरावरचे जुने इंडेक्स चुकीच्या क्रमात सापडले. अकारविल्हे यादी हवी असेल तर ती दाखवताना लावा.

तपासा: "जळगाव" या उपसर्गाने स्कॅन करा आणि यादीत "जळगाव जामोद" येतं का पाहा. ते बुलढाणा जिल्ह्यातलं. तुमच्या जळगावच्या हिशेबात ते शिरलं तर किल्लीच्या भागांमध्ये विभाजक नाही किंवा लांबी लिहिलेली नाही.

## टप्पा २: शोधाचा क्रम

"गेट"ने, म्हणजे वाचायच्या आज्ञेने, या क्रमाने जायचं:

१. चालू मेमटेबल.
२. डिस्कवर जायच्या वाटेवर असलेली, गोठवलेली मेमटेबलं; नव्याकडून जुन्याकडे.
३. शून्याव्या लेव्हलच्या फाइली, त्याही नव्याकडून जुन्याकडे. इथे फाइलींच्या पल्ल्यांचा (पहिल्या किल्लीपासून शेवटच्या किल्लीपर्यंत) एकमेकांवर चढ असतो, म्हणून किल्ली ज्या ज्या फाइलीच्या पल्ल्यात बसते ती प्रत्येक बघावी लागते.
४. त्याखालच्या प्रत्येक लेव्हलमध्ये पल्ल्यावरून एकच फाइल.

पहिल्यांदा जिथे सापडेल तिथे थांबायचं. "सापडेल" यात डिलीटची खूण, म्हणजे टूमस्टोनही आला. सगळ्यात जास्त चुका इथे होतात: टूमस्टोन दिसला की कोड "इथे नाही" असं समजून खाली उतरतो आणि दोन लेव्हल खालची जुनी व्हॅल्यू वर आणतो. काढून टाकलेली नोंद पुन्हा यादीत. वापरणारा म्हणतो क्रॅशमुळे झालं, कारण त्याने ते मशीन पुन्हा सुरू केल्यावर पाहिलं.

याचं भावंड कॉम्पॅक्शनमध्ये सापडतं. खालच्या कुठल्याही लेव्हलमध्ये ती किल्ली असण्याची शक्यता असेल, किंवा एखाद्या स्नॅपशॉटला (ठरावीक क्षणीचा डेटा गोठवून वाचणाऱ्याला) जुनी व्हॅल्यू अजून लागत असेल, तर टूमस्टोन टाकून देता येत नाही.

आता एकाच किल्लीच्या अनेक आवृत्त्या. लेव्हलडीबी प्रत्येक किल्लीमागे आठ बाइट जोडतं: सात बाइटचा अनुक्रमांक आणि एक बाइटचा प्रकार. क्रम किल्लीनुसार चढता, पण अनुक्रमांकानुसार उतरता. त्यामुळे "ही किल्ली, हा स्नॅपशॉट क्रमांक" घेऊन उडी मारली की पहिली भेटणारी नोंद हीच योग्य आवृत्ती. उतरता क्रम एका जागी लावला आणि दुसऱ्या जागी विसरला, तर जुनी व्हॅल्यू मिळत राहते आणि कुठेही एरर येत नाही.

ब्लूम फिल्टरबद्दल थोडक्यात. किल्लीमागे दहा बिट दिले तर खोटं "असेल" सुमारे एक टक्का येतं. त्याने फक्त वेळ जातो. खोटं "नाही" एकदाही येता कामा नये. येत असेल तर बहुतेक वेळा फिल्टर बांधताना अनुक्रमांकासकट किल्ली घातलेली असते आणि विचारताना अनुक्रमांकाशिवाय.

सावधान: "गेट"ची उत्तरं तीन आहेत: सापडली, नाही, आणि वाचता आली नाही. ब्लॉकचा, म्हणजे फाइलीच्या तुकड्याचा, चेकसम (बाइटांवरून काढलेला पडताळ्याचा आकडा) जुळला नाही आणि तुम्ही "नाही" म्हणालात, तर वरचा कोड ती किल्ली नव्याने तयार करून मोकळा होईल. तिसरं उत्तर शेवटपर्यंत वेगळं ठेवा.

## टप्पा ३: क्रॅशशिवायची कसोटी

मेमरीतला एक साधा मॅप घ्या. तेच पुट, तेच डिलीट, तेच स्नॅपशॉट दोन्हीकडे चालवा आणि उत्तरं ताडा. फार किल्ल्या घेऊ नका, काहीशे पुरेत. लाखो किल्ल्या घेतल्या की एकाच किल्लीवर पुन्हा लिहिणं, काढणं, परत घालणं हे घडतच नाही, आणि चुका तिथेच असतात.

अर्धे शोध नसलेल्या किल्ल्यांचे ठेवा. त्यातही असलेल्या किल्लीच्या अगदी शेजारच्या निवडा: शेवटचा बाइट एकने कमी, एकने जास्त, एक बाइट जादा. ब्लॉकच्या इंडेक्समधली "एकने चूक" तिथे पकडली जाते, कारण प्रत्येक ब्लॉकची शेवटची आणि पुढच्या ब्लॉकची पहिली किल्ली याच चुकीच्या जागा.

प्रत्येक किल्ली तीनदा शोधा: नेहमीप्रमाणे, फिल्टर-कॅश बंद करून, आणि पूर्ण स्कॅनमधून. तिन्ही उत्तरं जुळली नाहीत तर पुढे जाऊ नका.

तपासा: टूमस्टोनचा नियम कोडमध्ये मुद्दाम मोडा. चाचणी लाल झाली पाहिजे. हिरवीच राहिली तर चाचणीच कुचकामी. हीच युक्ती पुढे दोनदा लागणार आहे.

## टप्पा ४: हिशेबाची वही बाहेर ठेवा

अडत्याचा हिशेब अडत्याच्याच वहीवरून तपासता येत नाही, शेतकऱ्याकडे स्वतःची पावती लागते. इंजिन क्रॅशनंतर जे दाखवतं ते बरोबर की चूक, हे इंजिनला विचारून कळणार नाही.

म्हणून दोन प्रोसेस. लेकरू प्रोसेस इंजिन चालवते. पालक प्रोसेस वही सांभाळते आणि कधीच मरत नाही. प्रत्येक लिखाणाआधी लेकराने पाइपमधून "मागतोय" म्हणायचं, "झालं" मिळाल्यावर "मिळालं" म्हणायचं. क्रॅशनंतर ज्याला "मागतोय" आहे पण "मिळालं" नाही, ते अर्धवट लिखाण. त्याला वचन क्रमांक चार लागू.

व्हॅल्यूमध्ये किल्ली, वाढता आकडा आणि चेकसम घाला. मग चुकीची व्हॅल्यू आली तर ती शिळी आहे, दुसऱ्या किल्लीची आहे की मोडकी, हे बघताक्षणी कळतं. सगळीकडे "टेस्ट१२३" लिहून केलेल्या चाचणीत शिळी व्हॅल्यूही पास होते.

सावधान: "मिळालं" पाठवण्याची जागा नीट बघा. "पुट" परत येण्याआधीच ते गेलं, तर वही इंजिनवर खोटे आरोप करेल.

## टप्पा ५: किल -९, आणि त्याची मर्यादा

पालकाने अनिश्चित वेळाने लेकराला किल -९ द्यायचा, पुन्हा उघडायचं, वहीशी ताडायचं, आणि तसंच पुढे चालू. प्रत्येक वेळी नवी डिरेक्टरी घेऊ नका. जुन्या जखमांवर नवी जखम व्हायला हवी. काही वेळा उघडता उघडताच मारा. रिकव्हरीच्या मध्ये झालेला क्रॅश बहुतेकांनी तपासलेलाच नसतो.

याने काय पकडलं जातं? प्रोसेसच्या स्वतःच्या बफरमध्ये अडकलेला डेटा, पायऱ्यांची उलटापालट, अर्धवट राहिलेल्या फाइली. काय पकडलं जात नाही? विसरलेला एफसिंक, म्हणजे फाइल डिस्कवर पक्की करायला ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणारी आज्ञा. प्रोसेस मेली तरी तिने ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेले बाइट पेज-कॅशमध्ये, म्हणजे तिच्या मेमरीत, जिवंत असतात आणि नंतर सावकाश डिस्कवर जातात.

तपासा: सगळे एफसिंक काढून हीच चाचणी चालवा. ती पास होईल. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की "किल -९ मारून बघितलं" याचं वजन किती ते समजतं.

## टप्पा ६: नेमक्या जागी मारा

अनिश्चित वेळी मारलेला घाव बहुतेक वेळा साध्या लिखाणावर पडतो. धोक्याच्या खिडक्या अरुंद असतात, म्हणून कोडमध्ये नावं दिलेले मरणबिंदू घाला. रॉक्सडीबीच्या क्रॅश-चाचणीत हे दोन्ही प्रकार आहेत: ब्लॅकबॉक्स बाहेरून वेळेवर मारतो, व्हाइटबॉक्स कोडमधल्या ठरलेल्या जागी. निदान एवढे बिंदू हवेत:

१. लॉगमध्ये लिहिलं, सिंक बाकी.
२. सिंक झाला, मेमटेबल बाकी.
३. नवी क्रमवार फाइल पूर्ण, मॅनिफेस्टमध्ये नोंद बाकी.
४. मॅनिफेस्टची नोंद झाली, जुना लॉग पुसणं बाकी.
५. नवी मॅनिफेस्ट तयार, "चालू कोणती" हे सांगणाऱ्या फाइलचं रिनेम बाकी.
६. कॉम्पॅक्शनचा निकाल नोंदला, जुन्या फाइली काढणं बाकी.

चौथा सगळ्यात बोलका. जुना लॉग राहिला तर तोच डेटा पुन्हा खेळवला जाईल. अनुक्रमांक जुनेच वापरले तर काही बिघडत नाही. रिकव्हरीत नवे क्रमांक वाटले तर जुनी व्हॅल्यू नव्याच्या डोक्यावर बसते.

प्रत्येक बिंदूवर किती वेळा मेलो ते मोजा. शून्य दिसलं तर तो बिंदू तपासलेलाच नाही.

## टप्पा ७: सिंक न झालेलं फेकून द्या

लाइट जाण्याची खरी नक्कल इथे होते, आणि तीही वायर न उपटता. फाइलींची सगळी कामं एका पातळ थरातून जाऊ द्या. थराने लक्षात ठेवायचं: कुठली फाइल कुठपर्यंत सिंक झाली, कुठली नवी फाइल वा रिनेम डिरेक्टरी-सिंकशिवाय आहे. "क्रॅश" म्हटलं की सिंक न झालेली शेपटं कापायची, डिरेक्टरीत पक्क्या न झालेल्या फाइली उडवायच्या, रिनेम मागे फिरवायचे.

दर वेळी सगळंच कापू नका. खरी डिस्क अर्धं ठेवते, अर्धं टाकते, क्रमही पाळत नाही. एका फाइलचं शेपूट राहील, दुसरीचं जाईल, असं रँडमवर सोडा. याहून खालच्या पातळीवर जायचं असेल तर लिनक्समध्ये डीएम-लॉग-राइट्स आहे: ब्लॉक पातळीवरचं प्रत्येक लिखाण नोंदतं आणि हव्या त्या क्षणापर्यंत परत खेळवू देतं.

फाइल बदलायची रीत ठरलेली आहे, तिच्यातली एकही पायरी गाळता येत नाही:

१. तात्पुरत्या नावाने लिहा.
२. त्या फाइलला एफसिंक.
३. रिनेम.
४. डिरेक्टरीला एफसिंक.

दुसरी गाळली तर नाव नवं आणि आत काहीच नाही, असा प्रकार होऊ शकतो. चौथी गाळली तर नावच मागे जाऊ शकतं. आणि जुना लॉग पुसायचा तो चौथीनंतरच.

मॅकवर काम करणाऱ्यांसाठी: तिथला साधा एफसिंक ड्राइव्हच्या आतल्या कॅशपर्यंतच पोचल्याची खात्री देतो. पुढे जायला एफ_फुलएफसिंक मागावं लागतं.

तपासा: पुन्हा सगळे एफसिंक काढा. या वेळी चाचणी धडाधड पडली पाहिजे. मग एकेक परत घाला आणि कुठला नसताना काय मोडतं ते लिहून ठेवा. एखादा नसतानाही काहीच मोडत नसेल, तर एक तर तो अनावश्यक आहे किंवा चाचणीत भोक आहे. माझा अनुभव दुसऱ्याच्या बाजूचा.

## टप्पा ८: फाटलेला लॉग

एक छोटा लॉग घ्या आणि प्रत्येक बाइटवर कापून उघडून बघा. प्रत्येक कापाला इंजिन उघडलं पाहिजे आणि त्याआधीच्या सगळ्या पूर्ण नोंदी हजर पाहिजेत. लेव्हलडीबीसारखा लॉग असेल, म्हणजे ३२ किलोबाइटचे ब्लॉक आणि सात बाइटचं शीर्षक, तर ब्लॉकच्या सीमेवर दोन्ही बाजूंनी कापा.

मग शेपटाला शून्यं जोडा. काही फाइलसिस्टिमवर क्रॅशनंतर फाइलची लांबी वाढलेली आणि आत शून्यं, असं सापडतं. इथे एक सापळा आहे: रिकाम्या डेटाचा सीआरसी-३२ (चेकसमचा नेहमीचा प्रकार) शून्यच येतो. म्हणजे लांबी शून्य, चेकसम शून्य, अशी नोंद "बरोबर" ठरते आणि वाचणारा शून्यांच्या रानात पुढे चालत राहतो. नोंदीचा प्रकार चेकसममध्ये धरा आणि प्रकार शून्य हा अवैध ठेवा.

शेवटी लॉगच्या मध्यावर एक बिट उलटा करा. शेपूट फाटणं हे क्रॅशचं नेहमीचं लक्षण, ते गुपचूप कापून पुढे जाता येतं. मध्ये बिघाड आणि त्यापुढे चांगल्या नोंदी, हा वेगळा रोग. तिथे बिघडलेली नोंद सोडून पुढच्या घेतल्या, तर वचन क्रमांक दोनमधलं भोक तुम्हीच पाडलं. एक तर तिथवरचंच घ्या किंवा उघडायला नकार द्या. मुलांच्या प्रकल्पांत मी नकाराच्या बाजूने असतो. वापरणाऱ्याला निदान कळतं.

## टप्पा ९: एफसिंकच नापास झाला तर

थराला सांगा की मधूनच एफसिंकने एरर द्यावी, कधी डिस्क भरल्याची द्यावी. बहुतेकांचा कोड इथे पुन्हा प्रयत्न करतो आणि दुसऱ्यांदा यश मिळालं की खूश होतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्समध्ये पहिल्या अपयशानंतर ती पानं "स्वच्छ" धरली जाऊ शकतात. दुसरा एफसिंक यशस्वी होतो, डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नसतो. त्यानंतर पोस्टग्रेस अशा वेळी सरळ पडतं आणि लॉगमधून उभं राहतं. तुमच्या इंजिननेही लिखाण बंद करावं आणि पुन्हा उघडायला लावावं.

## टप्पा १०: खरी लाइट

दीपनगरचं वीजकेंद्र भुसावळला लागून असलं तरी खान्देशात लाइट जायची वाट बघावी लागत नाही, आणि म्हणूनच "आमच्याकडे रोज चाचणी होते" असं म्हणणारे भेटतात. ती चाचणी होत नाही. लाइट गेली तेव्हा कशाला "झालं" म्हटलं होतं याची नोंद कुणाकडेच नसते. त्यात बरेचदा लॅपटॉपची बॅटरी नाहीतर घरचा इन्व्हर्टर मशीनला पडूच देत नाही.

करायचीच असेल तर जुना डेस्कटॉप घ्या, कामाचा डेटा नसलेला. वही नेटवर्कवरून दुसऱ्या, इन्व्हर्टरवरच्या मशीनवर ठेवा. लिखाण चालू असताना बटण भिंतीवरचं बंद करा, सीपीयूवरचं नाही. सीपीयूवरचं बटण ऑपरेटिंग सिस्टिमला आवरायला वेळ देतं. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर हे करू नका. इथे नापास झालात आणि टप्पा ७ स्वच्छ पास आहे, तर संशय ड्राइव्हवरही घ्या: वीज गेल्यावर कॅश वाचवायची सोय नसलेले स्वस्त ड्राइव्ह असतात आणि सिंकबद्दल खोटं बोलणारेही.

## चाचणी पडली, आता काय

पुन्हा उघडण्याआधी डिरेक्टरीची जशीच्या तशी नक्कल करा. रिकव्हरी लॉग कापते, फाइली पुसते, मॅनिफेस्ट नव्याने लिहिते. एकदा उघडलं की पुरावा गेला. हे हाताने करायचं ठेवू नका, ड्रायव्हरमध्येच घाला: मारलं, नक्कल, मग उघड.

नकलेसोबत बीज, मरणबिंदूचं नाव आणि वहीची शेवटची पानं ठेवा. मग नकलेवर पहिला प्रश्न: हरवलेली किल्ली फाइलींमध्ये आहे का? लॉग आणि क्रमवार फाइलींमधल्या सगळ्या नोंदी छापणारं छोटं साधन टप्पा २ च्या वेळीच लिहून ठेवलेलं बरं. किल्ली चालू फाइलीत असेल तर टप्पा २ कडे परत जा. मॅनिफेस्टने न ओळखलेल्या फाइलीत असेल तर टप्पा ६ आणि ७ मधला क्रम बघा. कुठेच नसेल तर "मिळालं" म्हणण्याआधी सिंक झाला होता का, तिथून सुरुवात करा.